कॉस्टिक का उसळते? साबणाचे पातेले, तुंबलेली मोरी आणि आपले डोळे

जालन्याच्या एका वस्तीत महिला बचत गटाच्या सात-आठ जणी विहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडुनिंबाचा साबण करायला बसल्या होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून "बाई, तुम्ही नुसतं येऊन बसा" असा निरोप मला होता. मी पोहोचले तेव्हा खेळ सुरू झालेला होता. जर्मनच्या पातेल्यात कॉस्टिक सोड्याच्या पांढऱ्या खपल्या आणि त्यांवर मिक्सरमधून काढलेला कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवा रस. वरून मोसंबीच्या वाळलेल्या सालीची पूड. पातेल्यातून फसफस आवाज येत होता, वाफ निघत होती आणि तपकिरी फेस काठावर चढत होता.

"अगं, हे उकळायलंय की! खाली जाळ बी नाही!"

एक जण वाकून पाहायला लागली. दुसरी म्हणाली, "दवा कडक आहे, पाल्याला खायलीय." तेवढ्यात फेस काठावरून उतरला आणि पातेले धरलेल्या ताईच्या मनगटावर गेला. कुणीतरी लिंबू आणायला धावले. शेडच्या कोपऱ्यात पाण्याचा ड्रम भरलेला होता म्हणून वेळ निभावली. मनगटावर डाग राहिला, पण डोळे वाचले.

त्या दिवशी ऐकलेले "दवा पाल्याला खायलीय" हे वाक्य मी नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकले. तुंबलेल्या मोरीत कॉस्टिक टाकणारे म्हणतात, "बघा, बुडबुडे आले, म्हणजे काम करतंय." हा समज चुकीचा आहे आणि याच समजापायी माणूस वाकून आत बघतो. म्हणून हे बुडबुडे नेमके कशाचे असतात, ते आज पाहू.

आधी कॉस्टिकचे घराणे ओळखून घेऊ. पानाला लावायचा चुना, चुलीची राख, पापडात घालायचा पापडखार, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक हे सगळे कमी-जास्त ताकदीचे अल्क, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचे पदार्थ. हळद यांना चटकन ओळखते. वरणाचा पिवळा डाग कपड्यावर पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. साबणातला अल्क हळदीला लाल करतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागदाचा तुकडा घरात असू द्यावा, पुढे कामाला येईल.

अल्काची खाण आपल्या शेजारीच आहे. मंठ्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्यांनी फोटो पाहिले असतील. ते पाणी नुसते खारट नाही, साबणासारखे बुळबुळीत लागते, कारण त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याचाच भाऊ, विरघळलेला आहे. काठावर साचणारा खार लोक पूर्वीपासून गोळा करत. अकबराच्या काळात लिहिलेल्या 'ऐने-अकबरी'तही या भागात साबण आणि काच करायचे साहित्य मिळते अशी नोंद आहे.

आता लोणारच्या खारासारखा पापडखार किंवा धुण्याचा सोडा चिमूटभर घ्या आणि त्यावर चिंचेचा कोळ टाका. लगेच फसफसेल. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. कार्बोनेटला आंबट भेटले की त्यातला हा वायू सुटतो. चिंच, लिंबू, कैरी, चुका, अंबाडी, सगळ्यांनी हेच होते. राखेत चिंच कालवून पितळेची भांडी घासताना आपल्या आजीनेही हे पाहिले असेल, कारण राखेतही कार्बोनेटच असते. मुलांना दाखवायचे तर खायचा सोडा आणि लिंबू घेऊन दाखवावे. कॉस्टिकचा खेळ मुलांसमोर मुळीच करू नये.

कॉस्टिकचे प्रकरण वेगळे आहे. शुद्ध कॉस्टिकमध्ये कार्बोनेट नसते, म्हणून आंबट टाकल्यावर त्यातून वायू यायला नको. ते नुसते तापते. मात्र कॉस्टिकचे पाकीट उघडे राहिले की ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेते. आधी खपल्या चिकट होतात, मग वर पांढरी पूड धरते. ही पूड म्हणजे कार्बोनेट. मागच्या वर्षीच्या अर्धवट पाकिटातले कॉस्टिक आंबट रसात थोडे फसफसते ते यामुळे. तेही जिथे आंबट लागले तिथे, क्षणभरच. कॉस्टिक भरपूर असेल तर ते सुटलेला वायू स्वतःच पुन्हा शोषून घेते. म्हणजे पातेलेभर उसळी यायला कारण दुसरेच असले पाहिजे.

त्यातले सर्वात मोठे कारण उष्णता. कॉस्टिक पाण्यात विरघळताना इतके तापते की तीन भाग पाण्यात एक भाग कॉस्टिक टाकले तर साधे पाणी पाहता पाहता ८०-९० अंशांपर्यंत जाऊ शकते. खाली जाळ नसताना. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्यावरच्या टाकीतले पाणी आधीच कोमट नव्हे, चांगले गरम असते. त्या बायकांनी तर उलटेच केले होते. पाण्यात कॉस्टिक टाकायचे सोडून कॉस्टिकच्या ढिगावर रस ओतला होता. ढिगावर थोडेच पाणी पडले की सगळी उष्णता तेवढ्या पाण्यालाच मिळते. ते जागेवर उकळते आणि वाफ होऊन उडते. उडताना बरोबर कॉस्टिकचे थेंब नेते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारला की काय होते, ते आठवा.

पाला आत गेल्यावर आणखी भर पडते. पान आतून भरीव नसते. त्याच्या पेशींमध्ये हवेचे कप्पे असतात. पान पाण्यावर तरंगते त्याचे हेच एक कारण. वाळलेल्या पुडीत तर हवा आणखीच. गरम कॉस्टिक पेशींना एकत्र धरणारा चिकट भाग विरघळवते, पान लुळे पडते आणि कप्प्यांतली हवा तापून फुगून बाहेर पडते. हे बुडबुडे नुसत्या हवेचे. त्यात रसायन काहीच नाही.

ही हवा आणि वाफ साध्या पाण्यातून आली असती तर फुटून गेली असती. पण पाल्याच्या रसात प्रथिने असतात. रिठा आणि शिकेकाईत तर मुद्दाम फेस करणारा पदार्थच असतो, आणि थोडे तेल असले तर कॉस्टिक त्याचा जागेवर साबण करते. मग बुडबुडा फुटत नाही, एकावर एक चढत जातो. दूध उतू जाते ना, तसे. मोसंबीची साल, गूळ, दूध, कोरफड असे साखर असलेले काही घातले तर साखरही कॉस्टिकमध्ये मोडते. त्याने उष्णता आणखी वाढते आणि रंग नारिंगी-तपकिरी होतो. मानांकन मिळालेली आपली जालन्याची मोसंबी साबणात घालावीशी वाटते हे समजते, पण ती पहिल्याच पायरीला घालायची वस्तू नाही.

कधी नाकात झिणझिण्या येतात, जुन्या मुतारीसारखा वास येतो. तो अमोनिया. हिरव्या पाल्यातल्या प्रथिनांपासून थोडा निघतो. पण बादली आधी खताला वापरलेली असेल, तळाला डीएपीचे कण असतील, तर एकदम निघतो आणि डोळे चोळायला लावतो. कॉस्टिक लागलेल्या हाताने डोळे चोळणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

आणि शेवटी ते पातेले. जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक पाल्याला खात होते की नाही कोण जाणे, पातेल्याला मात्र नक्की खात होते. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिकचे पाणी एकत्र आले की हायड्रोजन वायू सुटतो. फक्त एक ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळले तर सुमारे सव्वा लिटर. हा वायू पेटतो. शेडच्या दुसऱ्या टोकाला त्या दिवशी चहाचा स्टोव्ह चालू होता, हे मला घरी गेल्यावर आठवले. ॲल्युमिनियमची खूण अशी की बुडबुडे मधून न येता तळातून आणि कडांवरून येतात, थांबत नाहीत, आणि भांडे काळपट पडते. पाला टाकला नाही तरी ते येतच राहतात.

म्हणजे एकाच पातेल्यात वाफ, पाल्यातली हवा, थोडा कार्बन डायऑक्साइड, थोडा अमोनिया, हायड्रोजन आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा फेस. बाहेरून सगळे सारखेच दिसते. यातला एकही बुडबुडा "पाला विरघळला" याची पावती देत नाही.

मोरीचा प्रश्न इथेच येतो. आपल्या घरांतली मोरी कशाने तुंबते? चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, भाताची शिते, केस आणि भांड्यांचा तेलकटपणा. कॉस्टिक तेलाचा साबण करते, केसही विरघळवते. पण चोथा आणि काड्या ज्या तंतूंच्या बनलेल्या असतात त्या सेल्युलोजचे ते फारसे काही करू शकत नाही. कागद कारखान्यात गव्हाचे काड आणि बगॅस कॉस्टिकमध्ये तासन्‌तास शिजवतात, तेही दाबाखाली. तंतू विरघळत असते तर कागद कशाचा झाला असता? बाकीचा चिकट भाग निघून जातो आणि तंतू शाबूत राहतात, म्हणून तर ते शिजवतात.

त्यामुळे चोथ्याने तुंबलेल्या मोरीत कॉस्टिक टाकले की ते तापते, चोथ्यातली हवा निघते, मोरी खदखदते, आपल्याला बरे वाटते आणि पाणी तिथेच राहते. मग आणखी टाकतो. काही तयार पावडरींमध्ये ॲल्युमिनियमचे कण मुद्दाम घातलेले असतात. बुडबुड्यांनी गाळ हलावा हा हेतू असतो, पण उसळीही तेवढीच येते. शेवटी कुणीतरी वैतागून संडास साफ करायचे ॲसिड ओतते. कॉस्टिकवर ॲसिड म्हणजे पाइपात एकदम उकळी. ते सगळे वर, तोंडावर येते. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. मोरीत एका वेळी एकच वस्तू टाकावी आणि तीही शक्यतो नकोच. जाळी काढून चोथा हाताने बाहेर घ्यावा, लवचीक तार घालावी, रबरी पंप मारावा. दहा-वीस रुपयांची जाळी तोंडावर बसवली तर कॉस्टिक घरात आणायची वेळच येत नाही. माझ्या मते वस्तीतल्या छोट्या घरात, जिथे मोरी, चूल आणि रांगते मूल एकाच खोलीत असते, तिथे कॉस्टिक ठेवूच नये.

ज्यांना कामामुळे ते हाताळावे लागते त्यांची गोष्ट वेगळी. आपल्या वस्त्यांतले कितीतरी जण सफाईच्या कामावर आहेत आणि चेंबरमध्ये टाकायला त्यांच्याच हातात कॉस्टिक नाही तर ॲसिड दिले जाते. गटारातल्या गाळात साचलेला विषारी वायू ॲसिडने मोकळा होतो, कॉस्टिकने अमोनिया सुटतो. वर बुडबुडे दिसणे थांबले म्हणजे आत उतरायला हरकत नाही, असे कुणी सांगितले तरी मानू नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. हातमोजे आणि चष्मा मागणे ही मेहेरबानी नव्हे.

आता अंगावर उडालेच तर. कॉस्टिकचा घात असा की ॲसिडसारखी लगेच आग होईलच असे नाही. आधी नुसते बुळबुळीत लागते. ती बुळबुळ म्हणजे आपल्या कातडीतल्या तेलाचा होत असलेला साबण. दुखायला लागते तोवर ते खोल गेलेले असते. कोरड्या खपल्या असतील तर आधी कोरड्या कापडाने झटकाव्यात, मग पाणी. भरपूर, वाहते पाणी, निदान अर्धा तास. भिजलेले कपडे, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे. लिंबू चोळू नये, व्हिनेगर नको. आंबटाने कॉस्टिक मारले जाते हे खरे, पण त्यातूनही उष्णता निघते आणि ती भाजलेल्या कातडीवरच निघते. शिवाय लिंबू शोधण्यात जी दोन मिनिटे जातात तीच महत्त्वाची असतात. हळद, तूप, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये.

डोळ्यात गेले तर एक सेकंदही थांबू नये. माणसाला आडवे करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, तांब्याने नाकाकडून कानाकडे पाणी सोडत राहावे. डोळा मिटला जाईल, रुग्ण ओरडेल, तरी अर्धा तास. मग १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय. तिथून घाटीला पाठवले तर त्याच दिवशी जावे, "उद्या बघू" म्हणू नये. पानाच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांनी दाबली आणि चुना डोळ्यात उडाला, तरी हेच करायचे. चुना साधा वाटतो, पण डोळ्याला तोही जाळतो.

पोटात गेले तर उलटी काढायला लावू नये. जाताना अन्ननलिका एकदा भाजलेली असते, उलटीत ती दुसऱ्यांदा भाजते. लिंबूपाणी, मिठाचे पाणी काही देऊ नये. तोंड धुवावे आणि थेट दवाखाना गाठावा. मूल वाचले तरी अन्ननलिका पुढे आकसते आणि घास उतरत नाही, इतके हे दीर्घ दुखणे आहे. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कॉस्टिकचे पाणी भरून ठेवणे, यापेक्षा मोठी चूक घरात दुसरी नसेल.

वाहते पाणी म्हटले, पण आपल्या गावात नळाला पाणी कधी येते हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कॉस्टिकचे पाकीट फोडण्याआधी दोन बादल्या किंवा एक ड्रम स्वच्छ पाणी शेजारी भरलेले पाहिजे. नसेल तर त्या दिवशी काम करू नये. पाणी आधी भरा, मग कात्री हातात घ्या.

बचत गटाने साबण सोडला नाही आणि मीही सोडा म्हणाले नाही. त्यातून चार पैसे मिळतात. दुसऱ्या वेळी आम्ही असे केले. स्टीलचे खोल पातेले, निम्म्याहून जास्त रिकामे. आधी थंड पाणी, मग त्यात थोडे थोडे कॉस्टिक. पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. वजनकाट्यावर मोजून, कारण एक किलो खोबरेल तेलाला साधारण १७५ ग्रॅम कॉस्टिक पुरते, आणि अंदाजाने मूठभर जास्त पडले तर तो साबण नव्हे, अंग सोलायचा दगड होतो. हातात रबरी मोजे. डोळ्यांवर ग्राइंडिंग करणारे लावतात तो पारदर्शक चष्मा. एकीचा नवरा स्टील कारखान्यात आहे, त्याच्याकडून दोन मिळाले. दार उघडे, स्टोव्ह बंद, मुले बाहेर. पाणी पूर्ण निवेपर्यंत झाकून ठेवले. पाल्याचा रस घातलाच नाही. सावलीत वाळवून चाळलेली पूड घेतली आणि तीही तेल-कॉस्टिकचे मिश्रण दाट झाल्यावर, शेवटी, चमच्याचमच्याने. सांडलेली जागा पाण्याने धुऊन हळदीचा कागद लावला. लाल झाला, पुन्हा धुतली. पिवळा राहीपर्यंत.

या वेळी काही उसळले नाही. पातेले शांत होते. तर मागच्या वेळी लिंबू आणायला धावलेली ताई हळूच म्हणाली, "बाई, उकळलं नाही ओ. कॉस्टिक खराब निघालं का?"

मी कॉस्टिकच्या उरलेल्या पाण्याचा एक थेंब स्टीलच्या चमच्याने कागदावर ठेवला. कागद लालभडक झाला. तिने चष्मा सारखा केला आणि ढवळायला घेतले. वड्या पाच आठवडे फळीवर वाळवून मगच विकायला काढल्या.